तुमच्या हातचं शेवटचं तेल

आबा, तांबडी अजून टकटक करते.

थंड असताना करत नाही. सकाळी चावी फिरवली की एका दमात उठते, अंगणाच्या कुंपणाचं बेडं उघडून मी तिला बाहेर काढते आणि साखरतरच्या पुलापर्यंत ती शहाण्यासारखी चालते. मग मी कुणाच्या तरी दारासमोर थांबते, इंजिन चालू ठेवूनच विचारते, "रक्त द्यायचंय ते हेच घर का?" आणि तेवढ्यात बोनेटखालून सुरू होतं. टक टक. टक टक. मी गाडीत बसूनही निघायला उशीर करत असले की तुम्ही बाहेरून काचेवर बोटाच्या पेराने वाजवायचात, अगदी तसं.

परवा आरे-वारेचा चढ चढून वर आले. फोटो काढणाऱ्यांनी रस्त्यात गाड्या लावल्या होत्या, म्हणून थांबावं लागलं. टकटक सुरू झाली आणि मी काही विचार न करता डावीकडे वाकले, हँडल फिरवलं आणि काच खाली घेतली. "काय राहिलं आता, आबा?" असं म्हणूनसुद्धा गेले. बाहेर कोणी नव्हतं. खारा वारा आत आला, मागचा माणूस हॉर्न देत होता. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचीच मग घरी येईपर्यंत भीती वाटत राहिली.

मी पॅथॉलॉजी लॅबमधली बाई. लोकांच्या घरी जाऊन रक्त काढायचं, नळीत भरायचं, आकडे बघायचे, हे माझं काम. भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही. विहिरीवर कोणी नसताना रहाट वाजतो म्हणून शेजारच्या काकू घाबरायच्या, तेव्हा लाकूड सुकलं की वाजतं असं मीच सगळ्यांना सांगत फिरले होते. तुम्ही पडवीत बसून ऐकत होतात. म्हणालात, "असंल गो. पण आवाजाला कारण हाय म्हणून आवाज करणारा कोण नाय, असं कुठं हाय?" मी हसले होते. सुनेने सासऱ्याला हसावं का, असा प्रश्न आपल्या घरात कधी पडला नाही. तुम्हीही मला कमी हसला नाहीत.

या घरात आले तेव्हा मला कळलं की सासरे बोटीवर होते. कप्तान नव्हे, इंजिनातले. ऑइलर. "म्हणजे काय करायचं?" मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "इंजिन झोपत नाय. मग आपण बी झोपायचं नाय. हात लावून बगायचा. हात सांगतो तेल पायजे की नको." पुढे सासूबाई गेल्या, प्रमोद लग्नानंतर मला इथे ठेवून मस्कतला नोकरीला लागला, घरात तुम्ही आणि मी उरलो. मग प्रमोदने ती सेकंडहँड लाल गाडी घेऊन दिली. घेतली तेव्हाच ती पुष्कळ फिरलेली होती, आणि माझ्या हाताखाली तिचा मीटर दोन लाखांच्या पुढे गेला. चालवायची मी, सांभाळायची तुम्ही. बोट सुटल्यापासून तुमच्या हाताला इंजिन नव्हतं, ते मिळालं. तुम्ही कधी समुद्र बघायला म्हणून गेला नाहीत. आरे-वारेला मी हौसेने थांबवलं, तर समुद्राकडे पाठ करून तुम्ही बोनेट उघडलंत.

आणि आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. लोकांच्या घरात सासू-सुनेचं मिठावरून वाजतं, आपलं इंजिन ऑइलवरून.

डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गार इंजिनात लवकर पळतं. दुसरा तापल्यावरचा. तो जितका मोठा, तितकं ते गरम होऊनही अंग धरून राहतं. हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि मग तेच मी तुमच्यावर उलटवलं. गाडीच्या पुस्तकात फाइव्ह-थर्टी लिहिलेलं. तुम्ही घालायचात ट्वेंटी-फिफ्टी, पिवळ्या डब्यातलं, काकवीसारखं जाड. मी म्हणायचे, "आबा, तुमची बोट मुंबईहून निघाली की दिवसचे दिवस थांबत नव्हती. मी घरटी थांबते. इंजिन तापायच्या आत बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. मला लवकर वर चढणारं पातळ तेल पाहिजे. पुस्तक काय खोटं सांगतंय?"

"पुस्तक खरंच सांगतंय. पण ती नवी होती तेव्हाचं. माझ्या लग्नातल्या सदऱ्याचं माप घेऊन आज मला सदरा शिवशील काय?"

"लग्नात होतात त्याच्या निम्मे झालायत तुम्ही."

"मग तेच बोलतोय मी. आतली जागा ढिली झाली. ढिल्या जागेत पातळ तेल ठरत नाय, बाय."

यावर मी उत्तर शोधायला आत जायचे आणि जेवणाच्या ताटावर ते घेऊन बाहेर यायचे. कोणीच हरत नव्हतं, म्हणून ते चालायचं. कधीकधी प्रमोद फोनवर विचारायचा, घरात काही नवीन? तुम्ही सांगायचात, "नवीन काय नाय. जुनंच चाललंय."

मग तुमच्या हृदयाने कुरकूर केली आणि डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली. ती घेणाऱ्याचं रक्त वरचेवर तपासावं लागतं. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही म्हणालात, म्हणून मीच पडवीत बसून तुमचं रक्त काढायचे. अख्खा जन्म बोटीच्या पोटात काढलेला माणूस सुई दिसली की मान फिरवून माडाकडे बघायचा. "झालं?" "अजून टोचलंच नाही." "मग कशाला सांगतेस?" त्या गोळीने तुम्हाला खरंच बरं वाटलं. विहिरीच्या पायऱ्या न थांबता चढायला लागलात. एकदा नळी हलवत असताना तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, उजेडात धरलीत आणि म्हणालात, "मला पातळ केलंस. आता तिला बी करणार काय?"

"तुम्ही चालताय ना नीट? तीही चालेल."

तुम्ही नळी परत माझ्या हातात दिलीत. मला वाटलं, चला, एकदा तरी गप्प केलं. त्याच आठवड्यात मी दुकानात जाऊन निळा डबा आणला, फाइव्ह-थर्टी, आणि मागच्या खोपीत तुमच्या पिवळ्या डब्याशेजारी नेऊन ठेवला. तो बघून तुम्ही म्हणालात, "शोभेला बरा हाय."

गणपती गेल्यावर तुम्ही तेल बदललंत. ते काम तुमचंच, गॅरेजवाल्याला त्यात शिरकाव नव्हता. अंगणात जांभ्याचे चिरे ठेवून त्यांच्यावर तांबडीची पुढची चाकं चढवायची, खाली पोतं अंथरून सरकायचं, जुनं तेल घमेल्यात घ्यायचं. या वयात खाली सरकू नका असं मी दर वेळी सांगायचे आणि तुम्ही दर वेळी मी कामावर जायची वाट बघायचात. त्या दिवशीही तसंच. मी आले तोवर गाडी खाली उतरली होती आणि तुम्ही ते जळकं तेल ब्रशने बेड्याला लावत होतात, वाळवी लागू नये म्हणून. बेडं झालं की पडवीचे खांब, मग वासे, मग खोपीचं दार. सगळ्या गावात घराला शेणाचा, धुपाचा वास येत असेल, आपल्या घराला इंजिनाचा येतो. गाडी आली त्या वर्षी मला तो वास नकोसा व्हायचा. आता तुम्ही गेल्यापासून मी पडवीच्या खांबाला टेकून बसते, तेव्हा केसांना तो वास लागतो आणि मी धुवायचं लांबवते.

"घातलंत का तेच जाड?" मी विचारलं होतं.

"तेल ते तेल," तुम्ही म्हणालात आणि ब्रश चालवत राहिलात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत टकटक सुरू झाली. मी काय सोडते होय! रोज घरी आले की पिशवी ठेवायच्या आधी सुनावायचे, "बघा, तुमच्या तेलाचा प्रताप. वाजायला लागली." तुम्ही उलट उत्तर द्यायचं सोडून प्रश्न विचारायला लागलात. थंड असताना वाजते की तापल्यावर? चढाला वाजते की उभी असताना? लाल दिवा लुकलुकतो काय? मी म्हणायचे, तुम्ही काय डॉक्टर आहात? एकदा तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून त्याची मूठ कानाला लावलीत आणि डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिलात. मग म्हणालात, "रविवारी चढव तिला चिऱ्यांवर. बगू." इतकं समजुतीने तुम्ही कधी बोलत नव्हतात. मला वाटलं, वय झालं, नमले.

तो रविवार आलाच नाही.

मी वळणावर आले की तुम्ही चहाचं आधण ठेवायचात. शेवटच्या दोनेक महिन्यांत त्यात गवती चहाही असायचा, अगदी ताजा. वळणापासून बेड्यापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाणी उकळायला लागायचं. मी एकदा विचारलं, रस्त्याने इतक्या गाड्या जातात, तुम्हाला माझी कशी कळते? तुम्हाला तो प्रश्नच कळला नाही. आईला पोराचं रडणं कसं कळतं असं विचारल्यासारखं तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

त्या दिवशी आधण नव्हतं. तुम्ही पडवीत खुर्चीत होतात, मान बेड्याकडे. गॅस बंद होता, पण भांड्यात पाणी घेतलेलं होतं. मी तुमचा हात धरला. लोकांच्या शिरा शोधण्यात माझी इतकी वर्षं गेली, आबा, लहान पोराची, सुजलेल्या म्हातारीची, कुणाचीही मला सापडते. तुमच्या हातात काही सापडेना. मी हात बदलला, पुन्हा पहिला धरला. बाहेर तांबडी चालूच होती, मी बंदच केली नव्हती. ती टकटक करत होती.

दहाव्याला खाडीवर बायका जात नाहीत असं कोणीतरी म्हणालं. मी गेले. पिंड ठेवला आणि आम्ही सगळे लांब सरकून उभे राहिलो. कावळे होते, चांगले चार-पाच, माडाच्या झावळीवर ओळीने बसलेले, पण एकही खाली येईना. प्रमोदने हात जोडून सांगितलं, घर विकणार नाही. नाही आला. प्रमोदची आते म्हणाली, वार्षिक नीट करू, गाव जेवायला घालू. नाही आला. कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला मच्छीचा नाद, पापलेट ठेवायला हवं होतं. ऊन चढत होतं, भटजी घड्याळ बघत होते, प्रमोदचा चेहरा मला बघवेना. मग मी पुढे झाले. मोठ्याने नाही, पण ओठ हलवून म्हणाले, "आबा, गाडीत तुमचंच तेल राहील. मी बदलणार नाही."

आला. एक कावळा उतरला, चालत चालत आला आणि त्याने पिंडावर चोच मारली.

मला माहीत आहे, आम्ही लांब उभे राहून शांत झालो म्हणून तो आला. कावळ्याला तेलातलं काय कळतं? पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि प्रमोद लहान मुलासारखा रडायला लागला. एवढ्या माणसांत तुम्ही माझं ऐकलंत, हे मला हवंसं वाटलं. ते खोटं असलं तरी हवंसं वाटलं.

मग प्रमोद परत गेला आणि मी त्या शब्दात अडकले.

कारण टकटक वाढत चालली. लाल दिवा, तो तेलाच्या झारीचं चित्र असलेला, गाडी उभी राहिली की लुकलुकायला लागला. तुमच्या खुर्चीपाशी दहा दिवस दिवा विझू दिला नव्हता मी, उठून उठून तेल घातलं. आणि इथे हा दिवा पेटू नये म्हणून देवाचं नाव घेत गाडी चालवत होते. नाक्यावरच्या रिझवानकडे नेली. त्याने तेलाची पट्टी ओढून बघितली. "लेव्हल बरोबर हाय, ताई. पण दम गेला तेलातला. बदलून टाका."

"बदलायचं नाही."

"का?"

"आबांनी घातलेलं आहे."

रिझवानने फडक्याला हात पुसले. तुम्ही त्याच्या डोक्यावर बसून काम करून घ्यायचात, तरी त्याला तुमच्याबद्दल माया होती. मग तो म्हणाला, "ताई, तेल हाय ते. फोटो नाय. असंच चालवलंत तर इंजिन जाम होणार, मग आबांची गाडीच नाय राहणार." आणि लगेच धंद्यावर येऊन त्याने मला सगळ्यात महागडा डबा दाखवला. मी गाडी तशीच बाहेर काढली.

प्रमोद फोनवर म्हणाला, विकून टाक, नवीन घेऊ. त्याचं बरोबर आहे. नव्या गाडीला असल्या भानगडी नसतात. पण नवी गाडी वळणावर आली तर ती रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीसारखीच वाजेल. आणि खरं सांगू? ती टकटक थांबावी असं मला वाटतच नव्हतं. इंजिनाचं आतून हाड घासतंय हे मला कळत होतं. तरी प्रत्येक दारासमोर बंद करायची सोडून मी गाडी चालू ठेवत होते, उगीच, ऐकायला. रक्त पाहून चक्कर येणाऱ्या माणसाला मी म्हणते, तिकडे बघू नका. तेच मी स्वतःला सांगत होते.

झाडांचं तेवढं मी मनावर घेतलं होतं. तुमची ती रिकाम्या डब्यांतली बाग, तिला पाणी घालणं सोडलं नाही. पडवीच्या कडेने सगळे पिवळे डबे, वरून कापलेले, एकात अबोली, एकात ओवा, एकात ते तुमचं कधी न फुललेलं गुलाबाचं काडूक. जितक्या वेळा तेल बदललंत तितकी झाडं. मोरीकडच्या बाजूला गवती चहा लावलेला मला ठाऊक होता, पण तिथलं पाणी त्याला आपोआप जायचं, म्हणून मी तिकडे कधी वळलेच नव्हते. त्या दिवशी घसा बसला होता म्हणून पात खुडायला गेले. पात वाढून डब्यावर सगळीकडून लोंबत होती. ती हाताने बाजूला केली.

डबा निळा होता.

मी तो फिरवला. नाव भिंतीकडे केलेलं होतं. फाइव्ह-थर्टी. माझा डबा, शोभेचा.

पात हातात तशीच घेऊन मी खोपीत गेले. फळीवर तुमचा पिवळा डबा होता, सील न तोडलेला, भरलेला. त्याच्या झाकणावर फनेल उपडं ठेवलं होतं, शेजारी पाना आणि घडी घातलेलं पोतं. रविवारची तयारी.

मी खोपीच्या दारातच बसले. गणपतीनंतर तुम्ही माझं तेल घातलं होतंत. त्या काकवीसारख्या जाड तेलाचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस, न सांगता, मी नसताना, मी आणलेला डबा उघडून. कशाला, आबा? गोळीने तुम्हाला बरं वाटलं म्हणून? सून रक्ताचं शिकली आहे, तिला पातळाचं कळत असेल, असं वाटलं? की रोज रोज वाद घालून दमलात? मग ती वाजायला लागली आणि मी दारात पाऊल ठेवून तुमच्या तेलाला नावं ठेवत होते, तेव्हा तुम्ही एका शब्दाने म्हणाला नाहीत की बये, हे तुझं आहे. तापल्यावर वाजते की थंड असताना, हे विचारत होतात ते तेवढ्यासाठी. माझ्या तेलाला तुम्ही पुरती संधी देत होतात.

मला रडू आलं ते नंतर. आधी राग आला. मोठ्या माणसाने असं करू नये. हरल्यासारखं दाखवायचं, जिंकल्यावर सांगायचं नाही आणि भांडण माझ्या गळ्यात टाकून निघून जायचं. रविवारी तुम्ही गुपचूप तुमचं जाड तेल घातलं असतंत, टकटक थांबली असती, आणि मी म्हटलं असतं, बघा, थांबलीच ना आपोआप. आणि तुम्ही चहात गवती चहा टाकून म्हणाला असतात, "हो गो, थांबली." तो प्याला मी आयुष्यभर प्याले असते आणि मला कधी कळलं नसतं. असं किती वेळा केलंत? मिठाचं, भाताचं, माझ्या नोकरीचं, प्रमोदला मला शिकू द्यायला सांगितल्याचं? आता मागे जाऊन सगळे डबे फिरवून बघता येत नाहीत.

आणि कावळ्याला दिलेला शब्द! तुमचंच तेल राहील म्हणाले होते आणि आत होतं माझं. म्हणजे शब्द पाळायचा तर तेल बदलायलाच हवं होतं. पण तुमचं तेल घातलं की टकटक जाणार, हेही कळत होतं. तुमचं ऐकायचं तर तुमचा आवाज घालवायचा. मी ती पात पाण्यात उकळली, प्याले आणि तरी दोन दिवस काही केलं नाही. दोन दिवस तिला घेऊन हिंडले. शिरगाव, साखरतर, आरे-वारेच्या चढावर विनाकारण एकदा. वर जाऊन उभी केली आणि ऐकत बसले. टक टक. टक टक. लाल दिवा लुकलुकत होता. तुम्ही बाजूच्या सीटवर असतात तर मला चांगलं झापलं असतंत. ऑइलरच्या सुनेने इंजिन कोरडं मारलं, ही बातमी तुम्हाला वरही सहन झाली नसती.

तुमच्याशी हे बोलायला लागले तेव्हा ती अजून टकटक करत होती. आज सुट्टी होती. मी तांबडी चिऱ्यांवर चढवली. रिझवानला बोलावलं, कारण मी खाली सरकले आणि अंगावर काहीतरी पडलं तर आधण ठेवायलाही घरात कोणी नाही. त्याने बोल्ट सोडला. तेल काळं, पाण्यासारखं घमेल्यात उतरलं. रिझवानने ते दोन बोटांत घासलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "हे आबांचं नाय, ताई. आबा असलं पातळ घालणार नाय." मी म्हटलं, "आबांनीच घातलंय." त्याला ते पटलं नाही. पिवळ्या डब्याचं सील मी माझ्या हाताने तोडलं. सावकाश ओतलं. किती हळू उतरतं हो ते तेल! तुम्ही फनेल धरून तासभर काय उभे राहत होतात ते आज कळलं. रिझवान म्हणत होता, या दोघांच्या मधलंही एक मिळतं, दहा-चाळीस, या वयाच्या गाडीला तेच बरं पडेल. ते मी लक्षात ठेवलंय. पुढच्या खेपेला मी मधलं आणणार आहे. तुम्ही जिंकलात असं समजू नका, भांडण संपलेलं नाही.

माझं तेल, तुमच्या हातचं, मी फेकलं नाही. घमेलं घेऊन बेड्यापाशी बसले आणि तुमच्या ब्रशने दोन्ही फळ्यांना लावलं, खालच्या सांध्यांत, बिजागरीजवळ, तुम्ही लावायचात तसं. ब्रशची मूठ तुमच्या मुठीने झिजलेली आहे, माझी बोटं त्यात नीट बसली नाहीत. पिवळा डबा कापून ठेवलाय. त्यात काय लावायचं ते ठरलेलं नाही.

मग चक्कर मारून आले. साखरतर, पुढे चढ. वर उभी केली, इंजिन चालू ठेवलं. दिवा लागला नाही. मी काच खाली घेतली, कान दिला. पाठीमागच्या समुद्राचा आवाज येत होता. गाडीतून काहीच नाही. इतकी गप्प होती ती की मला माझं रडणं ऐकू आलं.

तुम्ही होतात तोवर कधी न पडलेली एक चिंता मला आज परत येताना पडली. टकटक आता नाही. वळणावर आल्याचं तुम्हाला कळणार कसं? म्हणून, आबा, वळणावर येऊन मी हॉर्न दिला. लांबलचक. तुम्हाला हॉर्न आवडत नाही, माहीत आहे. काकू बाहेर येऊन बघायला लागल्या. मी आत आले, भांड्यात दोघांचं पाणी घेतलं आणि गॅस पेटवला.